इंदिरानगरच्या घरात एचडी दूरचित्रवाणी : सेवा आणि रेकॉर्डर निवडताना

बंगळुरूच्या पूर्व भागातील इंदिरानगर येथे नोकरी-व्यवसायानिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना दूरचित्रवाणीची सेवा निवडताना दोन प्रश्न पडतात. पुण्या-मुंबईतील ग्राहकाला ते सहसा पडत नाहीत. मराठी वाहिन्या हाय डेफिनिशन स्वरूपात कोण देतो, हा पहिला प्रश्न. आणि छत्री बसवण्यासाठी आपल्या सदनिकेतून आकाशाचा योग्य तुकडा दिसतो का, हा दुसरा. चित्राची स्पष्टता आणि रेकॉर्डरची क्षमता यांचा विचार त्यानंतरचा आहे. प्रत्यक्षात मात्र आधी मोठ्या पडद्याचा संच घरी येतो, मग सेवेची नोंदणी होते, आणि सर्वात शेवटी आजीला तिची मालिका दिसत नसल्याचे लक्षात येते.

मराठी मनोरंजन वाहिन्यांचे एचडी युग उशिरा सुरू झाले. २०१० मध्ये दिल्लीत झालेल्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचे प्रक्षेपण दूरदर्शनने एचडी स्वरूपात केले. स्टार प्रवाह, कलर्स मराठी आणि झी मराठी यांच्या एचडी आवृत्त्या २०१६ मध्ये आल्या. वाहिनीची एचडी आवृत्ती अस्तित्वात आहे म्हणून ती प्रत्येक सेवेवर मिळेलच, असे मात्र नाही. उपग्रहावरील आणि केबलवरील जागा मर्यादित असते. कर्नाटकातील ग्राहकांसाठी तयार केलेल्या संचात कन्नड वाहिन्यांना प्राधान्य मिळणे स्वाभाविक आहे. मराठी वाहिन्या बहुधा वेगळ्या मागवाव्या लागतात. म्हणून विक्रेत्याला "मराठी वाहिन्या आहेत का" असे मोघम न विचारता, हव्या असलेल्या चार-पाच वाहिन्यांची नावे एचडी या शब्दासह लिहून द्यावीत आणि त्यांचे क्रमांक मागावेत.

शुल्काची रचना

दूरसंचार नियामक प्राधिकरण अर्थात ट्रायची नवी शुल्करचना १ फेब्रुवारी २०१९ पासून अमलात आली. तिच्यामुळे ग्राहकाला एकेक वाहिनी निवडण्याचा अधिकार मिळाला. वाहिनीचे मूल्य वेगळे आणि ती घरापर्यंत पोहोचवण्याचे शुल्क वेगळे, अशी ही विभागणी आहे. सुरुवातीला १०० साध्या वाहिन्यांसाठी पोहोच शुल्काची कमाल मर्यादा करांव्यतिरिक्त १३० रुपये होती. २०२० मधील दुरुस्तीने तेवढ्याच रकमेत २०० वाहिन्या द्याव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही कमाल मर्यादाच काढून टाकली. त्यामुळे दोन कंपन्यांच्या केवळ वाहिनी-मूल्यांची तुलना करून भागत नाही, पोहोच शुल्कही विचारावे लागते.

एचडी ग्राहकाचे नुकसान होते ते दुसऱ्याच ठिकाणी. २०१९ च्या रचनेत एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांएवढी मोजली गेली. शिवाय एकाच वाहिनीच्या साध्या आणि एचडी आवृत्त्या एका संचात एकत्र ठेवण्यास मनाई असली, तरी जुना साधा संच कायम ठेवून वर एचडी वाहिन्या जोडणाऱ्या घरात दोन्ही आवृत्त्यांचे पैसे भरले जातात. एचडी घेतल्यावर जुना संच रद्द झाला की नाही, हे पहिल्या देयकावरच तपासावे.

छत्रीची दिशा

इंदिरानगरपासून काही किलोमीटरवर, जुन्या विमानतळ रस्त्यालगत विमानपुरा येथे इस्रोचे यू. आर. राव उपग्रह केंद्र आहे. इस्रोने न्यूस्पेस इंडिया या कंपनीसाठी तयार केलेला जीसॅट-२४ हा उपग्रह जून २०२२ मध्ये फ्रेंच गयानातून सोडण्यात आला. त्याची संपूर्ण क्षमता टाटा प्ले या सेवेला भाड्याने देण्यात आली. तो पूर्व रेखांश ८३ अंशांवर आहे. उपग्रहाच्या गावात राहणाऱ्यालाही त्याचा संदेश मिळवण्यासाठी गच्चीवर किंवा सज्जात योग्य जागा शोधावीच लागते.

बंगळुरू विषुववृत्ताच्या तुलनेने जवळ असल्यामुळे येथे छत्रीची दृष्टी पुण्यापेक्षा अधिक वर असते. ८३ अंशांवरील उपग्रह येथून क्षितिजापासून सुमारे ७३ अंश उंचीवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर, दक्षिणेकडून किंचित पूर्वेला दिसतो. पुण्यातून तोच सुमारे ६६ अंशांवर असतो. एअरटेलची सेवा १०८.२ अंशांवरील उपग्रहावरून येते. तो येथून जवळजवळ पूर्वेला, सुमारे ५२ अंश उंचीवर आहे. दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंशांवर, आग्नेयेला, सुमारे ६६ अंश उंचीवर आहे.

या आकड्यांचा व्यवहारातील अर्थ सरळ आहे. ज्या सदनिकेचा सज्जा केवळ पूर्वेला उघडतो तेथे एक सेवा चालेल आणि दुसरी चालणार नाही. दक्षिणेच्या सज्जात नेमके उलट घडेल. सज्जा उत्तरेला असेल तर गच्चीवर जागा मागण्यावाचून गत्यंतर नाही, आणि त्यासाठी गृहसंस्थेची परवानगी पैसे भरण्यापूर्वीच घेतलेली बरी. वरच्या मजल्याच्या स्लॅबचाही विचार करावा लागतो. छत्रीपासून स्लॅब दोन मीटर उंच असेल, तर ७३ अंशांवरील उपग्रहासाठी छत्री सज्जाच्या कडेपासून सुमारे ६० सेंटीमीटरच्या आत असावी लागते. ५२ अंशांच्या उपग्रहासाठी ती दीड मीटर आत असली तरी चालते.

इंदिरानगरच्या आतल्या रस्त्यांची शोभा असलेले मोठे वृक्षही येथे आड येतात. छत्री बसवताना मोकळी असलेली दिशा पावसाळ्यानंतर पालवीने झाकली जाऊ शकते, आणि ओली पाने संदेश अधिक शोषून घेतात. कर्नाटकाच्या १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्षतोडीसाठी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. झाड हलवण्यापेक्षा छत्री हलवणे सोपे, हे तंत्रज्ञाला बोलावण्यापूर्वी मान्य केलेले बरे.

पावसाचा प्रश्न वेगळा आहे. घरोघरच्या छत्र्या केयू पट्ट्यातील लहरी ग्रहण करतात आणि जोरदार सरींमध्ये त्या क्षीण होतात. एप्रिल-मे महिन्यांत बंगळुरूमध्ये गडगडाटासह वळिवाच्या सरी येतात त्या बहुधा संध्याकाळी, म्हणजे नेमक्या आयपीएल सामन्यांच्या आणि मालिकांच्या वेळेला. चित्र काही मिनिटे गोठते आणि पूर्ववत होते. छत्रीवरून ध्वनिमुद्रण-चित्रमुद्रण करणाऱ्या रेकॉर्डरमध्येही तेवढीच पोकळी राहते, ही गोष्ट विक्रीच्या वेळी क्वचितच सांगितली जाते.

केबल आणि इंटरनेट

केबल वाहिन्यांच्या सक्तीच्या डिजिटलीकरणाच्या दुसऱ्या टप्प्यात बंगळुरूचा समावेश होता. त्याची मुदत ३१ मार्च २०१३ होती. केबलला तुमच्या इमारतीवरच्या पावसाचा त्रास नाही आणि दिशेची अटही नाही. मराठी एचडी वाहिन्या मात्र स्थानिक केबलचालकाच्या यादीत असतीलच असे गृहीत धरू नये. इंटरनेटवरील सेवांना छत्री लागत नाही. सेकंदाला ५ मेगाबिट दराने एचडी चित्र पाहिले तर तासाला सव्वादोन गिगाबाइट, आणि रोज तीन तास पाहिल्यास महिन्याला सुमारे २०० गिगाबाइट खर्च होतात. थेट सामना इंटरनेटवर काही सेकंद मागे असतो; षटकार दिसण्यापूर्वीच शेजारच्या घरातून आरोळी ऐकू येते. ग्राहकांचा ओढा या मार्गाकडे आहे, हे ट्रायच्या आकडेवारीवरून दिसते. सशुल्क डीटीएच सेवांचे सक्रिय ग्राहक मार्च २०२१ मध्ये सुमारे सात कोटी होते, ते मार्च २०२४ मध्ये ६ कोटी २० लाखांच्या आसपास आले.

पडद्याचे अंतर

साध्या चित्रात ५७६ ओळी असतात, एचडीमध्ये १०८०. हा फरक डोळ्याला दिसण्यासाठी पडद्याच्या पुरेसे जवळ बसावे लागते. निरोगी डोळ्याला साध्या चित्राच्या ओळी पडद्याच्या उंचीच्या सुमारे सहापट अंतरापर्यंतच वेगळ्या ओळखू येतात. ३२ इंची पडद्याची उंची ४० सेंटीमीटर असते, म्हणजे २.४ मीटरच्या पलीकडे बसणाऱ्याला अधिक ओळींचा लाभ फारसा मिळत नाही. ४३ इंची संचासाठी ही मर्यादा सव्वातीन मीटर आहे. दिवाणखान्यात कोच भिंतीला टेकून दहा फुटांवर असेल, तर ३२ इंची संचावर एचडीचे वेगळे शुल्क भरण्यापूर्वी विचार करावा. साधे चित्र अतिशय दाबून पाठवले असेल तर ते दुरूनही डागाळलेले दिसते, एवढा अपवाद त्याला आहे.

रेकॉर्डर

टाटा स्कायने, म्हणजे २०२२ पासूनच्या टाटा प्लेने, २००८ मध्ये ‘टाटा स्काय प्लस’ हा हार्ड डिस्क असलेला सेट-टॉप बॉक्स बाजारात आणला. कामावरून घरी यायला रात्रीचे नऊ वाजणाऱ्यांची त्यामुळे मोठी सोय झाली. अशा उपकरणाची क्षमता मोजण्याचे गणित सोपे आहे. एचडी वाहिनी सेकंदाला ८ मेगाबिट दराने येत असेल तर एका तासाला ३.६ गिगाबाइट लागतात, म्हणजे ५०० गिगाबाइटच्या डिस्कवर सुमारे १३८ तास मावतात. घरच्या गरजेला हे पुरेसे आहे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न ट्यूनर किती, हा आहे. एकच ट्यूनर असेल तर आठची मालिका मुद्रित होत असताना सामना पाहता येत नाही.

मुद्रणासाठी उपकरण सतत वीजप्रवाहावर ठेवावे लागते. पंधरा वॅट धरले तरी महिन्याला अकरा युनिटच्या आसपास वीज जाते. वीज गेली तर ठरवलेले मुद्रण होत नाही; इन्व्हर्टरच्या जोडणीत बहुतेक घरी दिवे-पंखे असतात, टीव्हीचा प्लग नसतो.

स्वतःच्या खासगी उपयोगासाठी प्रक्षेपण मुद्रित करणे हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३९ नुसार हक्कभंग ठरत नाही. परंतु सशुल्क सेवांच्या रेकॉर्डरमधील मुद्रण सामान्यतः सांकेतिक कुलपात असते. ते त्याच उपकरणावर पाहता येते, संगणकावर उतरवता येत नाही; वर्गणी थांबल्यावर ते उघडेल की नाही, हे कंपनीच्या अटींवर अवलंबून असते. उपकरण बिघडून बदलून मिळाले तर आधीचे मुद्रण सहसा गेलेच. एका कंपनीचा सेट-टॉप बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या सेवेवर चालत नाही. ते एकमेकांवर चालावेत अशी शिफारस ट्रायने एप्रिल २०२० मध्ये केली होती. उपकरण विकत की भाड्याने, आणि सेवा सोडल्यास ते परत द्यायचे का, हेही लेखी घ्यावे.

रोजची मालिका पाहून पुसून टाकणाऱ्याला या मर्यादांचे काही वाटणार नाही. तिच्यासाठी आता वाहिन्यांची ॲपेही पुरतात, मात्र जुने भाग किती दिवस ठेवायचे ते वाहिनी ठरवते. सह्याद्री वाहिनीवर नातीचे गाणे होणार असेल आणि ते कायमचे जपायचे असेल, तर गोष्ट वेगळी. अशा वेळी डीडी फ्री डिशचा मार्ग उपयोगी पडतो. त्याला मासिक शुल्क नाही, सह्याद्री त्यावर उपलब्ध आहे, आणि यूएसबी जोडणी व मुद्रणाची सोय असलेला साधा बॉक्स खुल्या वाहिनीचा कार्यक्रम पेन ड्राइव्हवर उतरवतो. चित्र साधे असते, एचडी नसते. काही वाहिन्यांसाठी एमपेग-४ प्रकारचा बॉक्स लागतो. जुन्या एमपेग-२ बॉक्सवर त्या दिसत नाहीत. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पाच मिनिटांचे मुद्रण करून ते संगणकावर उघडते का, हे पाहून ठेवावे.