बुर्झहोमची हाडांची हत्यारे

श्रीनगरच्या ईशान्येला, दल सरोवराच्या पलीकडच्या करेवा पठारावर बुर्झहोमची नवाश्मयुगीन वस्ती होती. १९३५ साली तिथे पहिले चाचणी उत्खनन झाले. पुढे १९६० ते १९७१ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या टी. एन. खजांची यांनी तिथे सविस्तर उत्खनन केले. जमिनीत खोदलेल्या खड्ड्यांत राहणाऱ्या या लोकांच्या दगडी कुऱ्हाडींसोबत हाडांच्या सुया, टोचे, बाणांची आणि भाल्यांची टोके, मासे मारायचे काटेरी हार्पून मोठ्या संख्येने सापडले. भारतात इतका समृद्ध अस्थिउद्योग फार थोड्या ठिकाणी आढळतो.

हत्यारासाठी हाड ताजे असावे लागते. हाडातील खनिज त्याला कडकपणा देते आणि कोलॅजन चिवटपणा. उन्हापावसात पडून राहिलेल्या किंवा फार वेळ शिजवलेल्या हाडातला चिवटपणा जातो, मग ते घासताना तडकते. म्हणून मांस व स्नायुबंध दगडी पात्याने खरवडून हाड साफ करीत. हरणाच्या पायाचे नळीचे हाड सर्वांत सोयीचे, कारण ते सरळ असते, भिंत जाड असते आणि मधोमध निसर्गतःच खाच असते. ती खाच दगडी टोकाने खोल करत नेली की हाड उभे चिरते. हाती आलेली लांब चीप खरखरीत वालुकाश्मावर पाण्यासह घासून टोकदार करता येते. कारागिराचे निम्मे काम असे जनावरानेच करून ठेवलेले असते.

सुईचे नेढे पाडणे मात्र नाजूक. एकाच बाजूने भोक पाडत गेल्यास दुसऱ्या बाजूला हाडाचा टवका उडतो; दोन्ही बाजूंनी थोडे थोडे कोरले की तो धोका टळतो. असे नेढे बाहेर रुंद, मध्ये अरुंद राहते. शिंगाची गोष्ट निराळी. ते हाडापेक्षा चिवट, धक्का सोसणारे. शिवाय नर हरणे दरवर्षी शिंगे टाकत असल्याने शिकार न करताही मिळणारे.

‘अश्मयुग’ हे नाव या कारागिरीवर थोडा अन्यायच करते. आम्लधर्मी मातीत हाड विरघळते, दगड उरतो. काश्मीरच्या चुनखडीयुक्त पिवळसर मातीने हाडे राखली; काश्मीरमधल्याच गुफक्राल या वस्तीत तर मडकी येण्यापूर्वीच्या थरांतही हाडांची हत्यारे मिळाली. बुर्झहोमच्या दुसऱ्या कालखंडात तांब्याची बाणाग्रे दिसू लागतात, पण ती मोजकीच. हाडांची हत्यारे त्या काळातही बनत राहिली.