बोटीला ‘टिकी’ लूक द्यायचाय? खरा बांबू की बांबूसारखा पाइप?

वसई-विरारकरांना बांबू नवा नाही. अर्नाळ्याला बोंबील बांबूच्या वलांडीवरच सुकतात. पण मोटरबोट बांबूने सजवायची असेल तर?

‘टिकी’ ही शैली १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बारमध्ये रुजली. तिच्यामागे पॅसिफिकमधल्या पॉलिनेशियन बेटांची कल्पना होती.

खाऱ्या, दमट हवेत खऱ्या बांबूला बुरशी आणि कीड लागते. त्यामुळे बांबूसारखे दिसणारे पीव्हीसी पाइप आणि प्लास्टिकचं गवती छप्पर जास्त सोयीचं.

खरा धोका छपराचा. वजन जितकं उंचावर, तितकी बोट कलंडण्याची शक्यता जास्त. शिवाय रुंद छपरात वारा भरतो. म्हणून सजावट हलकी ठेवा. स्टीलचं रेलिंग काढू नका, पाइप त्यावरच बांधा. दिवे, इंजिनाची हवा आणि चालकाची नजर मोकळी राहू द्या.