गाडीची बॅटरी उन्हाळ्यात खचते, थंडीत दगा देते. बदलताना काय पाहाल?

अंधेरी/बोरिवली : डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा गारवा वाढला की गोराई, मनोरी, मढ आणि आरेतल्या पाड्यांवर एक तक्रार हमखास ऐकू येते. 'रात्री गाडी चांगली होती, सकाळी सेल्फच घेत नाही.' मासळीचा टेम्पो वेळेत निघायचा असतो, भाजीचा फेरा असतो, नाहीतर पेशंटला दवाखान्यात न्यायचे असते. किल्ली फिरवली की नुसता टक-टक आवाज येतो. शहरात एक फोन केला की मेकॅनिक येतो. गोराईला मात्र बोरिवलीहून बोटीने दुचाकी येते, चारचाकीला भाईंदर-उत्तनचा वळसा घालावा लागतो. त्यामुळे बॅटरीची माहिती घरातच असलेली बरी.

दोष थंडीचा की उन्हाचा?

बॅटरी बंद पडली की लोक थंडीला दोष देतात. पण उपनगरातली थंडी ती केवढी? सांताक्रूझ वेधशाळेतील आजवरचे सर्वात कमी तापमान ७.४ अंश आहे, तेही २२ जानेवारी १९६२ चे. एरवी पारा १५ अंशांच्या आसपास आला तरी आपण स्वेटर काढतो. एवढ्या गारव्याने धडधाकट बॅटरीला काही होत नाही.

थंडीने बॅटरीची ताकद कमी होते, हे मात्र खरे आहे. आतली रासायनिक क्रिया मंदावते आणि इंजिन ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. शून्य अंशाला बॅटरीची ताकद साधारण दोन तृतीयांश उरते, तर उणे १८ अंशांना निम्म्याहूनही कमी. लडाख-काश्मीरकडे गाडी नेणाऱ्यांना हा अनुभव येतो. तिथे तर पूर्ण उतरलेल्या बॅटरीतले पाणी गोठून डबा फुटूही शकतो.

आपल्याकडे बॅटरीचा खरा शत्रू म्हणजे उष्णता. सांताक्रूझला १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंशांची नोंद झाली होती. बॉनेटखाली तर बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त गरम असते. तापमान दहा अंशांनी वाढले की आतली झीज ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते. पाणी उडते, प्लेटा गंजतात. एप्रिल-मेमध्ये झालेले हे नुकसान लगेच दिसत नाही, कारण गरमीत इंजिन सहज फिरते. डिसेंबरची पहिली गार पहाट आली की उरलेली ताकद कमी पडते आणि बॅटरी उघडी पडते. म्हणून बॅटरीची तपासणी दिवाळीच्या सुमारास करून घ्यावी, बंद पडायची वाट पाहू नये.

दुसरे कारण म्हणजे लहान फेऱ्या. एकदा सेल्फ मारताना गेलेली वीज भरून यायला गाडी काही वेळ नीट पळावी लागते. लिंक रोडच्या ट्रॅफिकमध्ये एसी, दिवे आणि टेप चालू ठेवून गाडी नुसती उभी राहिली तर चार्जिंग पुरेसे होत नाही. सतत अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर कडक पांढरा थर बसतो. तो थर एकदा पक्का झाला की चार्जिंग करूनही फार उपयोग होत नाही.

बॅटरी म्हातारी झाल्याच्या खुणा

- सकाळी सेल्फ ओढून-ओढून घेतो, दुपारी बरा घेतो.
- सेल्फ मारताना डॅशबोर्डचे दिवे एकदम मंद होतात.
- हॉर्न बसल्यासारखा वाजतो.
- बॅटरीचा डबा फुगलेला दिसतो किंवा कुजक्या अंड्यासारखा वास येतो. अशी बॅटरी चार्जही करू नये, जंपरही लावू नये.
- बॅटरीला तीन-चार वर्षे झाली आहेत. आपल्या हवेत साधारण तीन ते पाच वर्षे हेच तिचे आयुष्य.

आधी खात्री, मग खर्च

प्रत्येक वेळी दोष बॅटरीचाच असतो असे नाही. नवी बॅटरी टाकूनही आठ दिवसांत गाडी बंद पडते, ती याच घाईमुळे. आधी टर्मिनल पाहावे. त्यावर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल किंवा क्लॅम्प हाताने हलत असेल, तर चांगली बॅटरीही चालत नाही. खाऱ्या हवेच्या गावांत याकडे जास्त लक्ष द्यावे.

इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा साधा मीटर गावात एक जरी असला तरी खूप काम होते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी मीटर लावावा.

- १२.६ व्होल्ट किंवा जास्त : पूर्ण भरलेली
- १२.४ : साधारण पाऊण
- १२.२ : निम्मी
- १२ किंवा कमी : जवळपास उतरलेली

मग दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगून मीटर बघावा. भरलेली बॅटरी सेल्फ मारताना साडेनऊ व्होल्टच्या खाली घसरली तर ती आतून खचली आहे. इंजिन चालू झाल्यावर मीटरने १३.८ ते १४.५ च्या आसपास दाखवले पाहिजे. आकडा १३ च्या खालीच राहिला तर पट्टा किंवा अल्टरनेटर तपासावा. आकडा १५ च्या वर गेला तर चार्जिंग जास्त होत आहे आणि नवी बॅटरीही लवकर जळेल. काही नव्या गाड्यांत चार्जिंग कमी-जास्त होत राहते, त्यामुळे एकाच आकड्यावरून निर्णय घेऊ नये.

गाडी दोन दिवस उभी राहताच बॅटरी उतरत असेल तर बाहेरून बसवलेला कॅमेरा, जीपीएस, टेप किंवा डिकीतला दिवा वीज खातो का, ते पाहावे.

नवी बॅटरी घेताना

जुन्या बॅटरीच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये काढून दुकानात न्यावा. चार गोष्टी जुळल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट म्हणजे एएच, अर्थात साठा. लहान पेट्रोल गाड्यांना बहुधा ३५ एएचच्या आसपासची बॅटरी लागते, डिझेल गाड्या व टेम्पोला त्याहून मोठी. कंपनीने सांगितलेल्यापेक्षा लहान बॅटरी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. दुसरी गोष्ट टर्मिनलची बाजू. नंबरच्या शेवटी बहुधा एल किंवा आर असते. ती चुकली तर वायर पोहोचत नाही आणि उलटी लागण्याचा धोका राहतो. तिसरी गोष्ट डब्याचे माप. बॅटरी खाचेत घट्ट बसली पाहिजे, कारण खड्ड्यांच्या हादऱ्यांनी आतल्या प्लेटा तुटतात. चौथी गोष्ट प्रकार. सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होणाऱ्या गाडीला ईएफबी किंवा एजीएम बॅटरी लागते, साधी तिथे लवकर जाते.

लेबलवर सीसीए नावाचा आकडाही असतो. उणे १८ अंशांत बॅटरी किती करंट देईल, हे तो सांगतो. कंपनीने दिलेला आकडा गाठला म्हणजे आपल्याकडे पुरे. त्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही.

बॅटरी कधी बनली ती तारीख पाहावी. दुकानात महिनोन्महिने पडून राहिलेली बॅटरी न वापरताही खचते. वॉरंटीत दोन भाग असतात. काही महिने पूर्ण मोफत बदली, त्यानंतर किमतीत ठरावीक सूट. 'एवढ्या महिन्यांची वॉरंटी' यात मोफत महिने किती, हे विचारून घ्यावे. पक्के बिल आणि तारखेचा शिक्का मारलेले कार्ड यांचाही फोटो काढून ठेवावा.

बदलण्याची रीत

काम मोकळ्या हवेत करावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तो ठिणगीने पेट घेतो. जवळपास विडी-सिगारेट नको. अंगठी, कडे, घड्याळ, लोंबती साखळी काढून ठेवावी. डोळ्यांना चष्मा आणि हातात रबरी मोजे असावेत.

१. इंजिन बंद करून किल्ली काढून हातात घ्यावी. एक काच खाली ठेवावी, म्हणजे गाडी आपोआप लॉक झाली तरी अडचण नाही.
२. वायरी कुठे कशा लागल्या आहेत, त्याचा फोटो काढावा.
३. आधी निगेटिव्ह, म्हणजे काळी वायर सोडावी. बहुतेक गाड्यांत दहाचा पाना लागतो.
४. नंतर पॉझिटिव्ह, म्हणजे लाल वायर सोडावी.
५. बॅटरी बसवणारी पट्टी काढून बॅटरी सरळ वर उचलावी. लहान गाडीचीही बॅटरी दहा किलोच्या आसपास असते, ती तिरकी करू नये.
६. क्लॅम्प व खालची बैठक खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी.
७. नवी बॅटरी ठेवून पट्टी आवळावी. आता क्रम उलटा. आधी लाल वायर, शेवटी काळी.
८. टर्मिनलवर व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा. क्लॅम्प हाताने हलता कामा नये.

हा क्रम कशासाठी? गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. काळी वायर लागलेली असताना लाल सोडायला गेलो आणि पाना बॉडीला टेकला, की थेट शॉर्ट होतो. पाना लाल होतो, हात भाजतो, बॅटरी फुटूही शकते. काळी आधी सोडली की हा धोका राहत नाही.

बदलल्यावर घड्याळ, टेप, काचेचे ऑटो बटण पुन्हा सेट करावे लागू शकते. काही नव्या गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद स्कॅनरने करावी लागते, ती सर्व्हिस सेंटरला करून घ्यावी. ही सगळी रीत १२ व्होल्टच्या साध्या बॅटरीची आहे. इलेक्ट्रिक गाडीच्या मोठ्या बॅटरीला घरी हात लावू नये.

ॲसिड अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेले तर न चोळता किमान १५ ते २० मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी आणि दवाखाना गाठावा.

अडल्या वेळी जंपर

दुसरी गाडीही १२ व्होल्टचीच हवी. लाल केबलचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरे चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावावे. मग काळी केबल चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला. तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब लावावे. म्हणजे ठिणगी उडाली तरी वायूजवळ उडत नाही. काढताना उलट क्रम. धक्का स्टार्ट फक्त गिअरच्या गाडीला चालतो, ऑटोमॅटिकला नाही.

जुनी बॅटरी कुठे द्यावी?

जुन्या बॅटरीच्या वजनाचा मोठा हिस्सा शिशाचा असतो, म्हणून तिला पैसे येतात. भंगारवाला दोन पैसे जास्त देत असेल तरी आधी विचार करावा. उघड्यावर बॅटरी फोडली की ॲसिड जमिनीत मुरते आणि शिशाची धूळ अंगणात बसते. लहान मुले जमिनीवर खेळतात, हात तोंडात घालतात. शिशाने मुलांचा मेंदू आणि बुद्धी यावर कायमचा परिणाम होतो. शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानलेले नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालात भारतातील सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक असल्याचा अंदाज दिला आहे. जाळ्याच्या शिशांसाठी बॅटरी फोडून चुलीवर शिसे वितळवण्याचा विचारही करू नये. तो धूर घरातल्या सगळ्यांच्या पोटात जातो.

ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राचे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आले. त्यानुसार जुनी बॅटरी इतर कचऱ्यात न टाकता गोळा करणाऱ्या किंवा पुनर्वापर करणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे देणे ही ग्राहकाचीही जबाबदारी आहे. सोपा मार्ग म्हणजे नवी घेताना जुनी त्याच दुकानात देऊन बिलात सूट घेणे. बोटीने किंवा दुचाकीवर नेताना बॅटरी उभीच ठेवावी, आडवी केली तर ॲसिड सांडते. टर्मिनलवर चिकटपट्टी लावावी.

आयुष्य वाढवायचे तर

- झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर उन्हाळ्यात दर महिन्याला पाणी पाहावे. फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाचे, फिल्टरचे किंवा पावसाचे पाणी नको आणि ॲसिड तर मुळीच नको.
- गाडी शक्यतो सावलीत लावावी.
- गणपतीला महिनाभर गावी जाताना गाडी इथेच राहणार असेल तर काळी वायर सोडून ठेवावी.
- पुराचे पाणी गाडीत शिरले तर सेल्फ मारू नये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. पाणी उतरल्यावर, गाडी कोरड्यात असताना काळी वायर सोडावी आणि मेकॅनिकला दाखवूनच गाडी चालू करावी.

मीटर लावायला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे नोव्हेंबरमध्येच काढली तर जानेवारीच्या पहाटे टेम्पो दारात अडकून राहणार नाही आणि मालही वेळेत बाजारात पोहोचेल.