जैवमाहितीशास्त्रातील पीएच.डी. : सीमाभागातील वाटा

जैवमाहितीशास्त्र म्हणजे सजीवांविषयीच्या माहितीचा संगणकाच्या साहाय्याने केलेला अभ्यास. मानवी जनुकसंचात सुमारे ३ अब्ज अक्षरजोड्या असतात. त्यांचे वाचन व तुलना संगणकीय पद्धतींवाचून अशक्य आहे.

विषय दोन विद्याशाखांत विभागलेला असल्याने नोंदणी जीवशास्त्रात करावी की संगणकशास्त्रात, हा पहिला निर्णय ठरतो. जीवशास्त्राकडून येणाऱ्यांसाठी सीएसआयआर-नेटमधील जीवविज्ञान व जैवतंत्रज्ञान विभागाची ‘बेट’ या परीक्षा आहेत, तर संगणकशास्त्रासाठी यूजीसी-नेट. मार्गदर्शकही त्यानुसारच मिळतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के, किंवा चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के गुण हवेत; राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत आहे. अभ्यासक्रम किमान ३ व कमाल ६ वर्षांचा असून महिला व दिव्यांगांना २ वर्षे अधिक मिळू शकतात. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये आहे.

बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ (१९९८) संलग्न महाविद्यालयांतील संशोधन केंद्रांमधून पीएच.डी. देते. राणी चन्नम्मा विद्यापीठही (२०१०) बेळगावचेच आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पारंपरिक वैद्यकावरील राष्ट्रीय संस्थाही येथेच आहे. पश्चिम घाटातील औषधी वनस्पतींतील कोणते रसायन कोणत्या प्रथिनाशी जुळते, याचा संगणकावर शोध घेणे हा या परिसराला साजेसा विषय.

निपाणीला मात्र बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळचे. शिवाजी विद्यापीठ (१९६२), जैवमाहितीशास्त्राचे जुने केंद्र असलेले पुणे विद्यापीठ आणि गोवा विद्यापीठ (१९८५) हेही पर्याय खुले आहेत. अडचण आहे ती अधिवासाची. राज्य सरकारच्या राखीव जागा व शिष्यवृत्त्या बहुधा अधिवासाशी बांधलेल्या असतात. त्यामुळे सीमा ओलांडणाऱ्याचे एका राज्यातील जात प्रमाणपत्र दुसऱ्या राज्यातील सवलतींसाठी उपयोगी पडेलच असे नाही. राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी अधिछात्रवृत्ती मात्र राज्याची सीमा मानत नाही. म्हणूनच सीमाभागातील विद्यार्थ्याने विद्यापीठ निवडण्याआधी राष्ट्रीय परीक्षेची तयारी करणे आणि अर्जापूर्वी विषयाला अनुरूप मार्गदर्शकाकडे जागा रिक्त असल्याची खात्री करून घेणे हिताचे ठरते.