मोगऱ्याला बी नसतं



उन्हाळा तापला की आपल्या वऱ्हाडात सगळं करपतं. अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढं जातो, वावराला भेगा पडतात, विहिरीचं पाणी तळाला जातं. आणि नेमका तेव्हाच न्हाणीजवळचा मोगरा कळ्यांनी भरून येतो. आज या मोगऱ्याचा इतिहास सांगणार आहे. राजे-महाराजांच्या इतिहासात तो सापडत नाही. तो आपल्या अंगणातच शोधावा लागतो.

तुमच्या घरचा मोगरा कुठून आला, आठवून पाहा. बियांच्या पुडीतून नक्कीच आला नसेल. आपल्याकडचा दाट पाकळ्यांचा मोगरा सहसा बी धरतच नाही. तो फांदीपासून वाढतो. म्हणजे तुमच्या अंगणात मोगरा आहे, तर कधीतरी कुणीतरी कुणाला फांदी दिलेली आहे. आईनं लेकीला, जावेनं जावेला, शेजारणीनं शेजारणीला. रोपवाटिकेतून आणला असेल, तरी तिथंही तो फांदीपासूनच झालेला. हे देणं मध्येच थांबलं असतं, तर मोगरा आपल्यापर्यंत आलाच नसता.

ही फांदी फार लांबवर गेली. मोगरा मूळचा आपल्या भारताकडचा. व्यापाऱ्यांबरोबर तो अरबस्तानात गेला, चीनमध्ये गेला. चीनमध्ये त्याच्या कळ्यांचा वास चहाला देतात. फिलिपाईन्स देशानं १९३४ साली मोगऱ्याला राष्ट्रीय फूल केलं, आणि इंडोनेशियानं १९९० साली आपल्या राष्ट्रीय फुलांत त्याला जागा दिली.

मोगरा, जाई, जुई, कुंद ही सगळी एकाच कुळातली भावंडं. आपल्या भाषेशी त्यांचं नातं जुनं आहे. सातवाहन राजा हाल यानं 'गाथासप्तशती' नावाचा संग्रह केला. मराठीच्या पूर्वज असलेल्या महाराष्ट्री प्राकृतातल्या या गाथा गावातल्या बायामाणसांच्या आहेत, आणि त्यांत मालती, म्हणजे जाईच्या कुळातलं फूल, पुन्हा पुन्हा येतं. पुढं पाचव्या शतकात आपल्याच वाशिममधून, म्हणजे तेव्हाच्या वत्सगुल्मातून, वाकाटकांची एक शाखा राज्य करत होती. त्या घराण्यातल्या हरिषेण राजाच्या काळात अजिंठ्याची कितीतरी लेणी कोरली गेली. तिथल्या भिंतींवर राण्या आहेत तशा दासीही आहेत, आणि बायकांच्या केसांत फुलं आहेत.

मग इंग्रजांचा अंमल आला. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला. रेल्वे आली, अकोला-अमरावतीच्या बाजारपेठा वाढल्या. कापसाच्या गाठी सरकारी दप्तरात मोजल्या गेल्या. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला मोगरा कोण मोजणार? वावर पुरुषाच्या नावावर, अंगण बाईच्या हाती. म्हणून मोगऱ्याची नोंद झाली ती बायांच्या आठवणीत.

पण बायांनो, या गोष्टीची दुसरीही बाजू आहे. मोगऱ्याला पाणी घालणारी बाई तो माळू शकेलच, असं नव्हतं. नवरा वारला की कुंकू गेलं, बांगड्या गेल्या आणि गजराही गेला. अनेक घरांत विधवा बाई पहाटे कळ्या तोडायची, दुसऱ्यांसाठी गजरे ओवायची आणि स्वतः मोकळ्या डोक्यानं मागं बसायची. झाड तिनं जगवलं, फूल मात्र तिचं नव्हतं.

याविरुद्ध आपल्याच वऱ्हाडातल्या एका बाईनं लेखणी उचलली. बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे. सुरतेच्या एका विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांतून सगळ्याच बायकांना नावं ठेवली जात होती. ते वाचून त्या पेटल्या, आणि १८८२ साली त्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक निघालं. त्यांचा सवाल साधा होता. बायको मेली तर पुरुष दुसरं लग्न करतो, त्याचं काहीच जात नाही. मग नवरा मेला तर बाईचंच सगळं का जावं? जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. बाकी समाजानं मात्र पुस्तकाकडं पाठ फिरवली.

तो सवाल संपायला किती वर्षं लागावीत? २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की गावात कुणा विधवेचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ताराबाईंच्या पुस्तकाला तेव्हा १४० वर्षं झाली होती.

आपल्या अमरावती-अकोल्याकडं हा विषय लांबचा नाही. कर्जापायी, नापिकीपायी ज्यांनी जीव दिला, त्यांच्या घरधनिणी आपल्याच गावांत आहेत, आपल्याच बचत गटांत आहेत. वावर त्या कसतात, हप्ते त्या भरतात. हळदीकुंकवाच्या दिवशी मात्र दाराआड राहतात. सरकारी कागद गावात येईल, पण गजरा हातात द्यायला बाईच लागते.

आता फांदी कशी लावायची ते सांगते. पाऊस सुरू झाला की खालची लवचिक फांदी जमिनीकडं वाकवा. एका डोळ्याखाली साल थोडी खरवडा, तो भाग मातीत दाबा, वर दगड ठेवा आणि शेंडा बाहेर राहू द्या. दोन-अडीच महिन्यांत मुळ्या फुटतात. मग फांदी आईपासून कापून वेगळी लावा. वीतभर जून काडी, तीन-चार डोळ्यांची, पावसाळ्यात लावली तरी जगते.

आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. म्हणून मातीत रेती आणि कुजलेलं शेणखत मिसळा. डबा किंवा कुंडी असेल तर बुडाला भोक हवंच. खारपाणपट्ट्यात विहिरीचं, बोअरचं खारं पाणी मोगऱ्याला सोसत नाही. मातीवर पांढरा थर दिसला तर समजा, मीठ साचलं. तिथं साठवलेलं पावसाचं पाणी किंवा भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी घाला. सोड्याचं, साबणाचं पाणी नको. झाडाला रोज निदान सहा तास ऊन मिळू द्या. सावलीत पानं दाट येतात, पण कळी येत नाही.

आणि छाटायला भिऊ नका. फूल नव्या फुटीवर येतं. नोव्हेंबर अखेर पाणी कमी करा, डिसेंबर-जानेवारीत झाड हात-दीड हातावर छाटा, शेणखत द्या आणि पुन्हा पाणी सुरू करा. लाल कोळी किंवा कळी पोखरणारी अळी दिसली, तर ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा आणि सकाळी गाळून फवारा. गजऱ्यासाठी टपोरी, पांढरी, मिटलेली कळी पहाटे तोडा. ती संध्याकाळी उमलते.

येत्या पावसाळ्यात गटाच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं एक-दोन काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणा. ज्यांच्या अंगणात मोगरा नाही, त्यांना द्या. आणि जिनं कधीचं फूल माळलं नाही, तिला पहिली द्या. उन्हाळ्यात कळ्या आल्या, की तिच्या झाडाचा गजरा तिच्याच डोक्यात दिसला पाहिजे.