जात्याजवळचं मागणं

परवा फोनवर नात सांगत होती, बीटल्सच्या जॉन लेननने १९६५ मध्ये 'हेल्प' नावाचं गाणं लिहिलं आणि पुढे मुलाखतीत कबूल केलं की ती माझी खरीखुरी हाक होती. तिला त्याचं भारी अप्रूप! मला मात्र माझी माय आठवली.

१९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं जिवतीच्या डोंगरावर आली. आम्ही त्यातलेच. सामानात जातं होतं. माय पहाटे ज्वारी दळायची. "मला आता होत नाही" हे शब्द दिवसभरात तिच्या तोंडून कधी निघाले नाहीत, सासूपुढे ती सोयच नव्हती. ओवीत मात्र ती भावाला मुऱ्हाळी ये म्हणायची, विठ्ठलाला जात्याच्या खुंट्याला हात लाव म्हणायची. गाणंच ते, त्यात कोण दोष काढणार?

ही रीत फार जुनी. गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरची दासी. तिच्या अभंगांत देव तिच्यासोबत दळतो, कांडतो, आणि रागावली की ती त्याला खडसावतेही. बी.ए.ला मी तिच्या 'भक्तिभावावर' दोन पानं खरडली होती. दमलेल्या बाईचं मागणं त्यात मला दिसलं नाही. (मार्क बरे मिळाले होते!) पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी फिरून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांतही भावाला घातलेल्या हाका उदंड आहेत.

एकदा मामा मुक्कामी आला होता. पहाटे अंथरुणात पडून त्याने ओवी ऐकली आणि उजाडल्यावर आजीला म्हणाला, "बहिणीला महिनाभर घेऊन जातो." मी तेव्हा नुकताच मास्तर झालो होतो. तीच ओवी मी लहानपणापासून ऐकत होतो, पण कूस बदलून झोपायचो.

पुढे गावात चक्की आली. मायचे खांदे सुटले, फार बरं झालं. ओवीही थांबली. नंतर तिचं काही दुखलं-खुपलं तर आम्हाला कळायचंच नाही.

असो. पुढच्या महिन्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, चंद्रपूरला. फोनवर मी "सगळं ठीक आहे, तू नको येऊ" असं सांगितलंय. धाकटा हा ब्लॉग वाचतो, हे मला ठाऊक आहे. बाळा, चार दिवस सुट्टी काढून ये.