सुट्या भागांची वंशावळ

१९०८ साली इंग्लंडमधील ब्रुकलंड्स येथील शर्यतीच्या मैदानावर एक विलक्षण कसोटी घेण्यात आली. अमेरिकेहून आलेल्या तीन कॅडिलॅक मोटारी तेथे पार उकलण्यात आल्या. तिन्ही गाड्यांचे भाग एकाच ढिगात मिसळले, काही भाग मुद्दाम बाजूला काढून त्यांच्या जागी दुकानाच्या साठ्यातले नवे भाग टाकले, आणि मग त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या उभ्या करण्यात आल्या. जोडणाऱ्यांच्या हातात पाने आणि पेचकस याखेरीज दुसरे हत्यार नव्हते. कानस लावून भाग बसवून घेण्यास सक्त मनाई होती. त्या तिन्ही गाड्या नंतर मैदानावर पाचशे मैल धावल्या. परीक्षकांनी कॅडिलॅकला त्या वर्षाची ड्यूअर ढाल दिली. परंतु ढालीपेक्षाही मोठी गोष्ट तेथे सिद्ध झाली होती. मोटार ही कारागिराची कलाकृती नसून एकसारख्या भागांचा हिशेबी समुच्चय होऊ शकते, हे जुन्या जगाला नव्या जगाने त्याच्याच अंगणात येऊन दाखविले. त्याच वर्षी हेन्री फोर्डची ‘मॉडेल टी’ बाजारात आली आणि १९२७ पर्यंत तिच्या दीड कोटी प्रती निघाल्या. ‘प्रती’ हा शब्द येथे मी जाणूनबुजून योजला आहे. छापखान्यातून पुस्तके निघावीत तशा त्या निघाल्या.

म्हैसूरला बदली होऊन आलेल्या मराठी माणसास मोटारींचा इतिहास म्हटला की प्रथम राजवाडा आठवतो, आणि राजवाडा म्हटला की रोल्स-रॉइस. त्या गाड्यांचे वैभव निर्विवाद आहे. पण त्या वेगळ्या जातीच्या. त्या काळी रोल्स-रॉइस कंपनी सांगाडा आणि इंजिन देई. वरचे अंग दुसराच एखादा घडाईवाला गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे हाताने घडवी. त्यामुळे एका गाडीचे दार शेजारच्या गाडीला बसेलच याची शाश्वती नसे. अशा गाडीचा एखादा भाग हरवला तर तो शोधावयाचा नसतो, नव्याने घडवावयाचा असतो. अमेरिकन गाडीची तऱ्हा याच्या अगदी उलट. तिचा हरवलेला भाग जगात कुठेतरी, कोणत्यातरी दुसऱ्या गाडीत, बहुधा दुसऱ्याच नावाच्या गाडीत, शिल्लक असतो. तो ओळखता आला पाहिजे एवढेच. अमेरिकेत भंगारवाल्यांच्या सोयीसाठी, कोणत्या गाडीचा कोणता भाग दुसऱ्या कोणत्या गाडीस चालतो हे सांगणारी हॉलंडरची मार्गदर्शिका १९३४ पासून छापली जाऊ लागली. वंशावळीच्या पोथ्या केवळ त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडेच असतात असे नव्हे.

हिंदुस्थानात अमेरिकन गाडी आली ती पेट्यांतून. फोर्डने १९२६ मध्ये आपली हिंदी कंपनी काढली. जनरल मोटर्सने मुंबईस शिवडी येथे जोडणीचा कारखाना थाटला आणि १९२८ च्या डिसेंबरात तेथून पहिली शेव्हरोले बाहेर पडली. समुद्रापलीकडून भाग यावयाचे आणि येथील मजुरांनी ते जोडावयाचे. हे काम कुशलतेचे होते, पण त्यात निर्मिती नव्हती. ज्याला जोडता येते त्याला घडविता आलेच पाहिजे असे नाही, हा भेद त्या वेळी ज्या थोड्या लोकांना बोचत होता त्यांत सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या अग्रणी होते.

विश्वेश्वरय्यांना कर्नाटकात दैवतासारखे मानतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या हाताला वळण लागले ते महाराष्ट्रात, याचे स्मरण आपण परस्थ मराठी मंडळींनी ठेवावयास हरकत नाही. अभियांत्रिकीची पदवी त्यांनी १८८३ मध्ये पुण्यात मिळविली आणि पुढील जवळजवळ पाव शतक मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिक, धुळे, पुणे अशा ठिकाणी काढले. खडकवासल्याच्या धरणावरील त्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे प्रसिद्धच आहेत. १९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. हा माणूस चौऱ्याहत्तरीच्या घरात असताना, १९३५ मध्ये, मोटारींचे कारखाने पाहण्यासाठी युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. सेवानिवृत्तीनंतर काय करावे या चिंतेत असलेल्या आमच्या वर्गाने यावर थोडा विचार करावा! परत येऊन त्यांनी हिंदी मोटार कारखान्याची तपशीलवार योजना मांडली. तिच्या मागे मुंबईतील उद्योजकांत जो सर्वांत खंबीरपणे उभा राहिला तो सोलापूरचा वालचंद हिराचंद.

यानंतरचा इतिहास हा अडवणुकीचा इतिहास आहे. मुंबईच्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळाने योजनेस सहानुभूती दाखविली, पण १९३९ च्या अखेरीस ते मंत्रिमंडळच राजीनामा देऊन बाहेर पडले. तेव्हा योजनेचे तोंड म्हैसूरकडे वळले. दिवाण सर मिर्झा इस्माईल अनुकूल होते. संस्थानाने भांडवलात वाटा उचलावा, कारखाना संस्थानात व्हावा, असा विचार झाला. परंतु सार्वभौम सत्तेची संमती मिळेना. युद्ध सुरू होते, आणि मोटार कारखाना युद्धकार्यास आवश्यक नाही असे दिल्लीचे म्हणणे पडले. युद्धात मोटारी लागत नाहीत हा शोध खरोखरच अपूर्व होता. तिकडे वालचंदांनी अमेरिकेत फोर्डकडे खटपट केली, पण ब्रिटिश साम्राज्यातील फोर्डचे हक्क कॅनडाच्या शाखेकडे असल्याने ती विफल झाली. अखेर क्रायस्लर कंपनी तयार झाली. याच अमेरिकावारीत, परतताना विमानात, वालचंदांची गाठ विल्यम पॉली या विमानांच्या व्यापाऱ्याशी पडली आणि तिची परिणती म्हणजे म्हैसूर सरकारच्या सहभागाने १९४० च्या डिसेंबरात बंगळूरला निघालेली हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी. म्हैसूर संस्थानाने मागितली होती मोटार. हाती आले विमान. तेही १९४२ पर्यंत हिंदुस्थान सरकारने वालचंदांच्या हातून काढून घेतले.

मोटार शेवटी मुंबईलाच झाली. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डिसोटो व प्लिमथ या क्रायस्लर घराण्याच्या गाड्या, आणि त्याच कुळातले डॉज व फार्गो ट्रक, बाहेर पडू लागले. टायर, बॅटरी, रंग, बैठकींचे कापड असे भाग हळूहळू देशी होत गेले. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने, जे येथे भाग घडविण्याचा कार्यक्रम हाती घेतील त्यांनीच येथे राहावे, असा दंडक घालण्याची शिफारस केली, आणि फोर्ड व जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला.

हा सारा इतिहास मला कागदपत्रांतून जितका कळला त्याहून अधिक आमच्या शेजारच्या एका कन्नड गृहस्थांच्या अंगणात कळला. त्यांच्याकडे वडिलार्जित डॉज किंग्जवे आहे, आणि सेवानिवृत्तीचा सर्व वेळ ते तिच्या जीर्णोद्धारास देत आहेत. या गाडीचे नाव डॉज, पण अंग प्लिमथचे. अमेरिकेबाहेरील विक्रेत्यांना स्वस्त गाडी आपल्या नावाने विकता यावी म्हणून क्रायस्लर कंपनी प्लिमथच्याच देहावर डॉजची जाळी व चिन्हे बसवून किंग्जवे काढी, आणि डिसोटोची बसवून डिप्लोमॅट. म्हणजे एकाच मूर्तीला तीन मुखवटे! याचा अर्थ ज्याला किंग्जवेचे दार हवे त्याने डिप्लोमॅटही शोधावी आणि प्लिमथही. मात्र पुढची जाळी हवी असेल तर तेथे सोयरिक चालत नाही. ती डॉजचीच लागते, आणि म्हणूनच ती सर्वांत दुर्मीळ.

इंजिनाचे प्रकरण याहून नाजूक. क्रायस्लरचे ते सहा नळकांड्यांचे साधे, सपाट डोक्याचे इंजिन मोटारींत १९५९ पर्यंत आणि काही ट्रकांत त्यानंतरही बरीच वर्षे चालू राहिले, त्यामुळे ते सर्वत्र सापडते. पण त्याच्या दोन शाखा आहेत. अमेरिकन प्लिमथ व डॉज यांचे हेड सुमारे २३ इंच लांब, तर कॅनडात तयार झालेल्यांचे २५ इंच. बाहेरून पाहता दोन्ही सारखीच. कार्बोरेटर किंवा डिस्ट्रिब्यूटर इकडचा तिकडे चालतो. हेड आणि गास्केट मुळीच चालत नाही. म्हणून हा मनुष्य गुजरीत जाताना खिशात मोजपट्टी ठेवतो. आणखीही खोडी आहेत. गाडीच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. हे ठाऊक नसलेल्या पोराने जोर लावून पान्याने बोल्टच मोडावा असे पुष्कळदा होते. विजेचा दाब सहा व्होल्ट, आणि बॅटरीचे धन टोक सांगाड्यास जोडलेले. आजच्या कारागिराचा हात सवयीने ऋण टोकाकडे जातो.

शोधाची ठिकाणेही ठरलेली आहेत. बंगळूरला शिवाजीनगरची गुजरी व जे. सी. रोड, मद्रासला पुदुपेट, मुंबईस कुर्ला आणि चोरबाजार. कोठेही पैशापेक्षा बदली मालाला मान अधिक. शेजारच्या गृहस्थांनी एक जादा मडगार्ड देऊन त्याच्या बदल्यात दोन दिव्यांच्या कड्या मिळविल्या, आणि त्यांतली एक देऊन दरवाज्याची मूठ. यात कोणीही फसत नाही. ज्याच्याजवळ जे निरुपयोगी ते दुसऱ्याचे अडलेले असते. या व्यवहाराची भाषा म्हैसूरच्या गॅरेजांत बहुधा दखनी. तिच्यातले ‘नक्को’ ऐकले की मराठी माणसाला क्षणभर घरी आल्यासारखे वाटते. आणि ‘मेस्त्री’ हा शब्द तर कानडीत, दखनीत व आपल्यात सारखाच, कारण तो तिघांनीही पोर्तुगिजांकडून घेतलेला सुटा भाग आहे.

जो भाग मिळत नाही तो लेथवर काढावा लागतो. येथे म्हैसूरचे एक भाग्य उपयोगी पडते. मोटारीचा कारखाना या गावाच्या नशिबी आला नाही, पण १९६१ मध्ये यादवगिरीस आयडियल जावा हा मोटारसायकलींचा कारखाना सुरू झाला. प्रारंभी चेकोस्लोव्हाकियाचे भाग, मग हळूहळू येथे घडविलेले, आणि १९७३ पासून ‘येझ्दी’ हे स्वतःचे नाव. १९९६ मध्ये तो बंद पडला. परंतु पस्तीस वर्षांत त्याने गावात जी हाताची अचूकता पेरली ती कुलूप लावून बंद करता येत नाही. शेजारच्यांच्या डॉजचे स्टीअरिंगचे बुश ज्याने काढून दिले तो वृद्ध टर्नर तेथलाच. विश्वेश्वरय्यांना जे हवे होते ते अखेर दोन चाकांवर का होईना आले, असे मला वाटते.

आता एका कागदाविषयी, कारण कागद हा आमचा विषय. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पुराणवाहनांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. प्रथम नोंदणीस पन्नास वर्षे उलटलेले वाहन, नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, आणि रोजच्या वापरास बंदी. अट अशी की वाहन मूळ स्वरूपात असावे आणि सांगाडा, अंग किंवा इंजिन यांत फेरफार होण्याइतकी मोठी उलथापालथ झालेली नसावी. नियमाचा हेतू चांगला आहे. पण या देशातील अमेरिकन गाड्यांचे चरित्र त्यात मावत नाही. पेट्रोल महागले तेव्हा त्यांतल्या कित्येकींच्या पोटात डिझेल इंजिने बसविली गेली, आणि त्यामुळेच त्या टॅक्सी होऊन जगल्या. ज्यांच्यात बसविली नाहीत त्या बहुतेक भट्टीत गेल्या. जिने जगण्यासाठी रूप पालटले तिला मूळ स्वरूप नाही म्हणून बाहेर ठेवणे मला न्याय्य वाटत नाही. जी गाडी मुळातच डॉजच्या नावाची, प्लिमथच्या देहाची आणि कुर्ल्याच्या हातांची, तिचे मूळ स्वरूप नेमके कोणते? ते कोणत्या तारखेस गोठवावयाचे?

शेजारच्यांपुढे हा प्रश्न प्रत्यक्ष उभा आहे. त्यांच्या गाडीचा मूळ ब्लॉक नळकांड्याच्या भिंतीपाशी तडकला. वितळजोड टिकला नाही. वर्षभराच्या शोधानंतर एका भंगार ट्रकातून तसेच, तेवढ्याच इंचांचे इंजिन मिळाले. ते आता गाडीत बसले असून उत्तम चालते. परंतु ब्लॉकच्या डाव्या कुशीवर क्रमांकाआधी ‘टी’ हे अक्षर ठोकलेले आहे. म्हणजे हे ट्रकचे. कुळ तेच, घराणे तेच, क्रमांक मात्र नोंदणीपुस्तकाशी जुळत नाही. एका कारागिराने जुना क्रमांक नव्या ब्लॉकवर ठोकून देण्याची तयारी दाखविली होती. गृहस्थांनी त्याला चहा पाजून परत पाठविले. इंजिन बदलल्याची रीतसर नोंद व्हावी म्हणून त्यांनी अर्ज लिहावयास घेतला आहे, त्याचा मसुदा माझ्याकडे तपासण्यास आला आहे. तडकलेला ब्लॉक त्यांनी भंगारात घातलेला नाही. मूळ क्रमांकावर ग्रीसचा हात फिरवून, गोणपाटात गुंडाळून तो त्यांनी पडवीत ठेवला आहे.